ओळखीची बारा अक्षरं

सोमवार, ४ मार्च

आज नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे. त्रेसष्टाव्या वर्षी कोणी आपल्याला शोधत येतं, हे सुख काही लहान नाही. सकाळी धाकटी दारापर्यंत आली. डबा घेतला का, रुमाल घेतला का, असं मला शाळेत सोडायला आल्यासारखं विचारत होती, आणि माझा चष्मा मात्र तिच्याच डोक्यावर निघाला. माझी ही बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती, आता घरीच असते. हे गेल्यावर मी माझं घर आवरलं आणि तीन आठवड्यांपूर्वी तिच्याकडे राहायला आले. शाळेत आम्ही नन्सना सिस्टर म्हणायचो, वॉर्डात हिला सिस्टर म्हणायचे, आणि ती माझी तर खरीच सिस्टर. हा विनोद ती रोज करते आणि रोज नव्याने हसते.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. भिंती सगळ्या काचेच्या, म्हणजे प्रत्येक जण प्रत्येकाला दिसतो आणि कोणी कोणाकडे बघत नाही. जुन्या संगणकांवरच्या फाइल्स आजच्या संगणकांना वाचता येतील अशा करून देणं हा यांचा धंदा. त्यातला चित्रांचा एक प्रकार इतका जुना, की तो काढणारी कंपनी कधीच मिटली. छापखान्यात सव्वीस वर्षं मी त्याच प्रकारच्या चित्रांवर काम केलं, म्हणून हे बोलावणं. कंपनीने त्या काळी वाटलेल्या चाळीस फाइल्स यांच्या हाती लागल्यात, नमुना १ ते नमुना ४०. एकेक उघडायची, नव्या प्रोग्रामात नीट दिसते का बघायचं, बिघडली असेल तर दुरुस्त करायची.

नमुने फक्त फोल्डरमध्येच आहेत असं मात्र नाही. एक काचेच्या केबिनमध्ये बसतो, तो साहेब. पस्तिशीचा असेल. बोलतो असा, की शेजारच्या इमारतीलाही मीटिंग कळावी. त्याला मी भोंगा म्हणते, अर्थात मनात. दुसरा नमुना दाराशी, आल्यागेल्याला बसवणारी बाई. फोन ठेवला की डोळे पुसते. काय दुःख आहे कोण जाणे, मी विचारलं नाही. ती मुळूबाई.

घरी येऊन सांगितलं तर धाकटी पोट धरून हसली. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, की ताई, तू माणसाला नावं ठेवलीस की त्याच्याकडे बघायचं थांबवतेस. नर्सबाईंचं तत्त्वज्ञान. मी म्हटलं, तू आधी किल्ल्या कुठे ठेवल्यात ते बघ.

बुधवार, ६ मार्च

या कामात माझा हातखंडा आहे. इथल्या पोराटोरांना नाही कळत, त्यांनी चित्र म्हणजे फोनमधलं चित्रच पाहिलेलं. यात फक्त सोळा रंग. माणसाच्या गालावर हजार छटा असोत, प्रत्येक छटा जवळच्या कुठल्या तरी रंगात कोंबायची आणि उरलेलं टाकून द्यायचं. याला आम्ही छापखान्यात 'चापून बसवणं' म्हणायचो. टाकलेलं परत मिळत नाही. मग जागा वाचवायची दुसरी युक्ती म्हणजे एकसारखे ठिपके एकेक करून लिहायचेच नाहीत, 'हाच ठिपका पुढे चाळीस वेळा' एवढंच लिहायचं. चित्रात जितका तोचतोचपणा जास्त, तितकी फाइल लहान.

फाइलच्या तोंडाशी चित्राची लांबी, रुंदी आणि एक जागा असते, 'ओळख'. बारा अक्षरांची. त्यात चित्र कशाचं ते लिहायचं.

आज नमुना १ ते २० झाले. पोपट, फळांचं ताट, फुगे, एक विमान. जुन्या मैत्रिणी भेटल्यासारखं वाटलं. भोंगा मागे येऊन उभा राहिला आणि पोपटाच्या पिसांत इतके कमी रंग असून ती हिरवी कशी दिसतात, असं त्याने चक्क हळू आवाजात विचारलं. त्याच्या वहीच्या कडेला पेन्सिलीने पक्षी काढलेले होते, बरे होते. पण एवढ्याने माणूस सुधारत नाही. पाच मिनिटांनी पुन्हा केबिनमधून गर्जना सुरू.

मुळूबाईने माझ्या खुर्चीवर एक उशी आणून ठेवली होती. मागितली होती कोणी?

गुरुवार, ७ मार्च

नमुना २१ पासून पुढच्या सगळ्या फाइल्स कोऱ्या. चित्राच्या जागी सपाट करडा रंग आणि ओळखीची जागा रिकामी. रिकाम्या ओळखीची फाइल यांचा प्रोग्राम साठवतच नाही, अडून बसतो. भोंग्याला विचारलं तर म्हणाला, काहीही लिहा हो, चाचणीच तर आहे. काहीही लिहा म्हणे. आमच्या शाळेत वहीच्या समासात चुकून रेघ गेली तर सिस्टर ते पान पुन्हा लिहायला लावायच्या.

बरं, काहीही तर काहीही. २१ मध्ये लिहिलं 'भोंगा'. २२ मध्ये 'मुळूबाई'. दोन्ही मुकाट साठवल्या गेल्या. दिवसभर मनातल्या मनात हसत होते.

शुक्रवार, ८ मार्च

धाकटीने आज कहर केला. मी अंघोळीला गेलेली असताना दार ओढून घेऊन ती खाली गेली, किल्ली आत. मी ओल्या केसांनी तिला शोधायला बाहेर आले, माझ्याही मागे दार लागलं, आणि ही जिन्यात बसून शेजारच्या बाईंना आमच्या शाळेची गोष्ट सांगतेय. गोष्ट एकच. ती सात वर्षांची असताना शाळा सुटल्यावर संगीताच्या खोलीत पियानोपाशी कोंडली गेली. पण दर वेळी ती वेगळी सांगते. कधी राखणदाराने सोडवलं, कधी मांजरीने दार उघडलं, कधी मदर सुपीरियरने बिस्किट दिलं. वॉर्डातल्या मुलांना गोष्टी सांगून सांगून हिला सत्य म्हणजे काय हेच उमजेनासं झालंय. मी दर वेळी चारचौघांत तिची चूक काढते आणि ती दर वेळी हो गं ताई म्हणते.

ऑफिसला पोचायला चाळीस मिनिटं उशीर. समोर नमुना २३, ओळख रिकामी. लिहिलं 'वेंधळी'. साठवलं. राग निवला.

सोमवार, ११ मार्च

कोणी तरी माझी थट्टा करतंय. २१, २२, २३ मध्ये चित्रं आहेत. शुक्रवारी नव्हती. २१ मध्ये केबिनमधल्या माणसाची मान आणि पाठ. २२ मध्ये रुमाल धरलेला हात, अर्धा चेहरा. २३ मध्ये एक बाई भाजी निवडतेय, तोंड दुसरीकडे. रंग सोळाच, पण बसलेल्या हाताचं काम आहे, चापून बसवलंय. इथे हे करता येणारं माझ्याखेरीज कोण आहे? या पोरांना तर लांबी आधी की रुंदी आधी हेही सांगावं लागतं.

मी चिडले आहे हे त्यांना दिसू द्यायचं नाही. फाइल्सचं माप टिपून ठेवलं. २१ एकतीस हजार बाइट, २२ अठ्ठावीस हजार, २३ चौसष्ट हजार. बाई भाजी निवडतेय एवढ्याला चौसष्ट हजार कशाला लागावेत, कळलं नाही. त्या चित्रात काही तरी खूपच वेगवेगळं असणार.

बुधवार, १३ मार्च

भोंगा आज सकाळपासून एकच वाक्य बोलतोय. 'चला, वेग वाढवा.' मीटिंगमध्ये, फोनवर, चहाच्या यंत्रापाशी. त्याच पट्टीत. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मी शेजारच्या टेबलावर विचारलं, तर तिथला म्हणाला की तो असाच आहे. खरंच आहे, मीही तेच म्हणाले असते. त्याची वही उघडी होती. कडेला पक्षी नाहीत. पुसलेले नाहीत, कागद कोरा आहे.

नमुना २१ चं माप आता बारा हजार.

शुक्रवार, १५ मार्च

मुळूबाई फोन ठेवते, डोळे पुसते. फोन ठेवते, डोळे पुसते. आज फोन वाजलाच नव्हता.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या होत्या. धाकटीने शाळेची गोष्ट सांगितली. म्हणाली, 'मी वेंधळी, मीच मागे राहिले.' एवढीच. मांजर नाही, बिस्किट नाही. जरा वेळाने पुन्हा सांगितली, तीच, तेवढीच. बाई हसल्या आणि म्हणाल्या, आहेच ती वेंधळी.

ते खरं नाही. ती मागे राहिली नव्हती, तिला आणायचं काम माझं होतं. मी रागावले होते तिच्यावर, कशावरून ते आठवत नाही, आणि मुद्दाम एकटीच घरी आले. बावन्न वर्षं ती ती गोष्ट वेगवेगळी रचून सांगतेय, आणि एकाही गोष्टीत माझा दोष नव्हता. मी तिची चूक काढत बसले.

सोमवार, १८ मार्च

मापं. २१: नऊशे. २२: चार हजार. २३: बावीस हजार.

मी मूर्ख नाही. दोन आणि दोन चार मलाही कळतात. मी लिहिलेला शब्द फाइलमध्ये नाही, तो माणसांत चापून बसतोय. त्या शब्दात मावत नाही ते सगळं टाकलं जातंय.

नमुना २२ पुसून टाकली. मुळूबाई सुटेल.

मंगळवार, १९ मार्च

दाराशी टेबल आहे. खुर्ची नाही. फोनही नाही. विचारलं तर म्हणाले, इथे कोणी बसत नव्हतं. मी म्हटलं, अहो, ती रडायची ती. तर म्हणाले, कोण रडायची?

माझ्या खुर्चीवर उशी आहे. कोणी दिली ते मला माहीत आहे, पण तिचं नाव मी एकदाही विचारलं नव्हतं. आता कोणाला विचारू, काय म्हणून विचारू?

म्हणजे फाइल पुसायची नाही. २३ पुसायची नाही. ओळख रिकामी करून पाहिली, प्रोग्राम साठवत नाही. माप अठरा हजार.

बुधवार, २० मार्च

सुचलं. शब्दच बदलायचा. 'वेंधळी' खोडून 'प्रेमळ' लिहिलं. साठवलं गेलं. बारा अक्षरांत याहून चांगलं काय सांगता येतं? निघताना माप बघितलं नाही, धीर झाला नाही.

गुरुवार, २१ मार्च

ती हसतेय.

सकाळपासून. दूध उतू गेलं तेव्हा, बोट भाजलं तेव्हा. फुंकर घातली नाही, हात मागे घेतला नाही, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, 'ताई, बस ना.' मी बसले. ती म्हणाली, 'ताई, बस ना.'

चांगल्या शब्दानेही तेच होतं. झपाट्याने होतं. माप सहा हजार.

मी तिला म्हटलं, माझ्यावर चिड. ओरड माझ्यावर. त्या दिवशी तुला मीच सोडून आले होते, मुद्दाम. ती गोड हसली.

शुक्रवार, २२ मार्च

केबिनमध्ये खुर्चीवर कोट आहे. नमुना २१ उघडली, एकच करडा रंग, सरळ खालपर्यंत. ऑफिसात सगळे म्हणतात भोंगा गेला. कुठे गेला? भोंगा गेला. त्याला दुसरं नाव होतं का, कोणालाच आठवत नाही. ते नाव मी ठेवलं होतं. ऑफिसात मी कोणाला सांगितलं नव्हतं.

नोकरी सोडून आले. येताना २३ ची प्रत घरच्या संगणकासाठी घेतली आहे. दोन हजार शंभर.

शनिवार, २३ मार्च, सकाळी

उपाय एकच उरला आहे. चित्रात तोचतोचपणा आला की ते आक्रसतं, म्हणजे एकाही गोष्टीची पुनरावृत्ती नको. तिच्याबद्दल रोजनिशीत लिहायचं, प्रत्येक ओळ वेगळी, बारा अक्षरांत न मावणारी. लिहून झालं की सगळं फाइलमध्ये ठिपका ठिपका भरेन. मला ते येतं, जगात मलाच येतं. बहिणीला साठ वर्षं ओळखते. हजार ओळी सहज होतील.

ती समोर खिडकीपाशी बसली आहे. लिहिते.

इंजेक्शन देण्याआधी ती सुई स्वतःच्या तळहातावर टेकवून मुलाला दाखवायची, की बघ, मलाही भीती वाटते.

पत्रात खाली सही न करता ती एक छोटी चप्पल काढायची. का, ते तिने कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ह्यांच्या शेवटच्या आजारपणात ती अकरा दिवस माझ्या दाराशी झोपली, आणि अकराही दिवस मी तिला तुझं सामान आवर म्हणाले.

ती किल्ल्या हरवते. नाही, हे नको, हे त्या शब्दातलं आहे. खोडलं.

तिला आवडतो तो रंग — ती नेसते ते — मी म्हणायचे हे काय नेसलीस. रंग कोणता होता?

दुपारी

तीनच ओळी. सकाळपासून तीनच. बाकी जे आठवतं ते मी तिला काय म्हणाले ते. वेंधळी. धांदरट. डोकं कुठे असतं तुझं. माझ्या डोक्यात तिची साठ वर्षं नाहीत, माझे शेरे आहेत. समासातले.

तिने लग्न का केलं नाही? कोणी तरी होता. ती सांगायला बसली होती एकदा, मी म्हटलं आता नाटक नको.

माप आठशे दहा.

तिला विचारलं, तूच सांग, तुला काय आवडतं. कोणी होता का. त्याचं नाव काय.

'ताई, बस ना.'

चार वाजता

तीनशे.

तिचा चेहरा खिडकीच्या उजेडात — गाल एकाच रंगाचा आहे. सावलीसुद्धा नाही. डोळे —

मी जवळ जाऊन बघितलं. साठ वर्षांत इतक्या जवळून — डोळे कोणत्या रंगाचे होते ते मला सांगता यायला हवं. ते तरी. बहिणीच्या डोळ्यांचा —

तपकिरी. नाही. माझे तपकिरी. तिचे —

वरची पानं चाळली. तीन ओळी होत्या. आता वाचल्या तर तिन्हींत एकच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, ताई बस ना ताई बस ना —

एकशे चाळीस

धाकटी, थांब. मी बघतेय. आता बघतेय तुझ्याकडे. हळू. एकेक. केस पांढरे, कानामागे — कानामागे एक — हो, आहे, एक तीळ, लहान, त्याच्या बाजूला — हा मी कधीच — हा माझ्या कुठल्याच शब्दात नव्हता, हा अजून आहे, थांब गं, त्याच्या बाजूला दुसरा, आणि त्याच्या खाली